उतरंडीच्या तळचे डबे

(नागपुरात रोज ये-जा करणारे उतारू आणि रेल्वे कामगार यांच्या संयुक्त सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्यापैकी बहुतेक जण आज वर्धा, काटोल, रामटेक किंवा भंडारा यांपैकी कोणत्या तरी दिशेने गाडीने आला आहात. ज्या डब्यातून आलात त्याच्या बाजूस रंगविलेला क्रमांक किती जणांनी वाचला? परत जाताना तो अवश्य वाचावा. त्या क्रमांकातील पहिले दोन आकडे डबा बांधला गेला ते वर्ष सांगतात. ९८ ने सुरू होणारा क्रमांक असेल तर डबा १९९८ चा, ०४ ने सुरू होणारा असेल तर २००४ चा. डब्याच्या टोकाकडील भिंतीवर आणखी दोन तारखा रंगविलेल्या आढळतील: कारखान्यात मोठी दुरुस्ती झाली ती एक, आणि पुन्हा दुरुस्तीस परत जावयाची ती दुसरी. रेल्वेने ही माहिती आपल्यासाठी लिहिलेली नाही, ती कामगारांसाठी आहे. परंतु आजच्या विषयाची पहिली पुराव्याची चीज तीच असल्यामुळे मी तिथूनच आरंभ करतो.

आपल्या देशात रोजच्या प्रवासाच्या गाड्यांना डबे कोठून मिळतात? मुंबईची लोकल आणि काही मार्गांवर धावणाऱ्या मेमू गाड्या सोडल्या, तर इंजिनामागे जोडलेल्या साध्या पॅसेंजर गाडीचा डबा सहसा तिच्यासाठी बांधलेला नसतो. तो आधी मेल-एक्स्प्रेस गाडीत धावतो. तेथे नवे डबे आले की तो कमी महत्त्वाच्या एक्स्प्रेसला जातो, आणि तेथूनही उतरला की पॅसेंजरला. रेल्वेच्या दप्तरात याला 'कॅस्केडिंग' म्हणतात. धबधब्याचे पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडते, त्यावरून घेतलेला हा शब्द. मराठीत याला अधिक नेमका शब्द आहे, तो म्हणजे उतरंड. वरच्या मडक्याचा भार खालच्यावर, आणि सर्वांचा भार तळच्यावर. ज्या समाजाने माणसांची उतरंड शतकानुशतके सांभाळली त्याने डब्यांचीही रचावी यात नवल नाही. परंतु ती निमूटपणे मान्य करणे हे लोकशाहीतल्या नागरिकाचे काम नव्हे.

आजची उतरंड कशी तयार झाली ते थोडक्यात सांगतो. मद्रासजवळ पेरांबूर येथे इंटिग्रल कोच फॅक्टरी १९५५ साली सुरू झाली. स्विस आराखड्यावरचे, पोलादी सांगाड्याचे तिचे डबे त्या काळात मोठी प्रगती होते आणि त्यांनी देशाची साठ वर्षे सेवा केली. २००० सालापासून जर्मन बनावटीचे एल.एच.बी. डबे आले. ते अधिक वेगाने धावू शकतात. परंतु खरा फरक टकरीच्या वेळी दिसतो. जुन्या डब्यांना दोन बाजूंस बफर आणि मध्ये स्क्रूची जोडणी असते, त्यामुळे टक्कर झाली की एक डबा दुसऱ्यावर चढण्याचा धोका असतो. नव्या डब्यांची मधली जोडणी हे चढणे रोखण्यासाठीच घडविलेली आहे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात, जुन्या धर्तीच्या डब्यांचे उत्पादन थांबवून सर्वत्र नवे डबे आणावेत, असे स्पष्ट सांगितले. उत्पादन थांबले ते २०१८ च्या जानेवारीत. मधल्या काळात नवे डबे कोणास आधी मिळाले? आरंभ झाला तो दिल्ली-लखनौ शताब्दीपासून, आणि मग क्रम लागला राजधानीचा व इतर मानाच्या गाड्यांचा. सुरक्षितता ही सोय नव्हे, ती जिवाची बाब आहे. पण तीही तिकिटाच्या दरानुसार वरून खाली झिरपत आली.

येथे मला एका गाडीची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण ती नागपूरवरूनच जाते. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. प्रा. मधु दंडवते तेव्हा रेल्वेमंत्री होते. या गाडीत वर्ग नव्हते. साऱ्या उतारूंसाठी एकच दर्जा होता. तिसरा वर्ग १९७४ मध्येच कागदावरून गेला होता, परंतु त्याची लाकडी फळी दुसऱ्या वर्गाच्या नावाने तशीच शिल्लक होती. दंडवते यांनी त्या फळीवर दोन इंच जाडीची फोमची गादी बसविण्याचा निर्णय घेतला. दोन इंच ही काही मोठी क्रांती नव्हे, असे त्या वेळी अनेक शहाण्यांनी म्हटले असेल. परंतु ज्याने सामान्य वर्गाच्या फळीवर बसून रात्र काढली आहे त्याला त्या दोन इंचांचे मोल ठाऊक आहे. सुधारणा तळापासून सुरू करता येते, आणि ती सुरू झाली की वरचेही काही बिघडत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले. पुढे त्याच गीतांजलीला वातानुकूलित डबे जोडले गेले. वर्ग परत आले. तरीही ती गादी मात्र कोणी काढून घेऊ शकले नाही.

आता कोणी म्हणेल, की हा माणूस जुन्या डब्यांच्या विरोधात आहे. तसे मुळीच नाही. आपला देश गरीब माणसांचा आहे आणि गरीब घरात मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला येतो, त्यात लाज कसली? आईने तो सदरा धुतला, उसवलेली शिवण घातली, बाह्या आखूड केल्या, की धाकटा तो घालून शाळेत ताठ मानेने जातो. माझा आक्षेप आहे तो सदरा न धुता, न शिवता, बटणे तुटलेल्या स्थितीत अंगावर टाकण्याला. आणि वर नव्या सदऱ्याचे पैसे मागण्याला.

जुनी गाडी नीट वापरता येते याची दोन उदाहरणे देतो. पहिले मुंबईचे. २०१५ पासून पश्चिम रेल्वेवर बॉम्बार्डियर यंत्रणेच्या नव्या लोकल येऊ लागल्या आणि तेथील सीमेन्स यंत्रणेच्या गाड्या मध्य रेल्वेकडे आल्या. 'नवे त्यांना, वापरलेले आम्हाला' अशी कुरकूर मध्य रेल्वेच्या उतारूंनी केली आणि ती समजण्याजोगी होती. तरीसुद्धा एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या गाड्या लोकल म्हणूनच बांधलेल्या होत्या, वय फार झालेले नव्हते, आणि त्यांची देखभाल जाणणाऱ्या कार्यशाळा मुंबईतच होत्या. धाकट्याला सदरा अंगाबरोबर बसला.

दुसरे उदाहरण इंडोनेशियाच्या राजधानीचे. जाकार्तातील रोजच्या प्रवासाची व्यवस्था दोन दशकांहून अधिक काळ जपानच्या वापरलेल्या गाड्यांवर उभी राहिली. २००० साली टोकियोच्या भुयारी मार्गावरील ७२ डबे तेथे भेट म्हणून गेले. २०१३ पासून टोकियो परिसरातील २०५ मालिकेच्या गाड्या शेकडो डब्यांनी विकत घेतल्या गेल्या. दोन्ही देशांत रुळांचे अंतर १,०६७ मिलिमीटर, म्हणून चाके बदलावी लागली नाहीत. गाड्या मुळात उपनगरी कामासाठीच बांधलेल्या, रुंद दारांच्या, वातानुकूलित होत्या. गाड्यांबरोबर सुटे भाग आले, आणि जपानी कंपनीने तेथील तंत्रज्ञांना शिकवलेही. तिकीट सरकारी मदतीने स्वस्त ठेवण्यात आले. पुढे २०२३ मध्ये आणखी जुन्या गाड्या आणाव्यात की देशातच नव्या बांधाव्यात यावर तेथे मोठा वाद झाला आणि सरकारने जुन्यांची आयात नाकारली. त्या वादात कोण बरोबर होते हे मी येथे ठरवीत नाही. परंतु तो वाद उघड झाला, वृत्तपत्रांतून झाला. आपल्याकडे कोणता डबा कोणत्या गाडीला लागणार हे रात्रीतून ठरते आणि आपल्याला फलाटावर कळते.

या दोन्ही उदाहरणांत एक समान गोष्ट आहे. एका शहरातील रोजच्या उतारूसाठी बांधलेली गाडी दुसऱ्या रोजच्या उतारूकडे गेली. आपल्याकडे जी गोष्ट घडते ती वेगळी आहे. रात्रभर झोपून जाण्यासाठी बांधलेला डबा दीड-दोन तासांच्या उभ्या प्रवासाला जुंपला जातो. त्याचे परिणाम काय होतात ते रोज अनुभवणाऱ्यांना मी सांगावे असे नाही; पण कारणे सांगतो.

नागपूर ते वर्धा अंतर ७८ किलोमीटर. मध्ये अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, तुळजापूर, सेलू रोड, सेवाग्राम. म्हणजे सरासरी सात-आठ किलोमीटरला एक थांबा. दूर पल्ल्याच्या डब्याला प्रत्येक बाजूस दोनच दारे असतात, तीही दोन टोकांना आणि अरुंद. सामान्य वर्गाच्या जुन्या डब्यात नव्वद जण बसतात. उभे राहणाऱ्यांची मोजदाद कोणी करीत नाही. बुटीबोरीला औद्योगिक वसाहतीतील कामगारांची पाळी उतरते तेव्हा मधल्या बाकांवरच्या माणसाला दारापर्यंत पोहोचण्यासच थांब्याची सारी वेळ लागते. लहान स्थानकावर फलाट खाली, डब्याच्या पायऱ्या उभ्या आणि उंच. भाजीची टोपली किंवा दुधाची किटली घेतलेल्या बाईला तेथून चढावे-उतरावे लागते. उभ्या माणसाला धरावयास कड्या नाहीत, कारण मूळ आराखड्यात उभा माणूसच नाही.

यंत्राच्या बाजूनेही हीच कथा. लांबच्या गाडीला ब्रेक क्वचित लागतो; येथे तो दर दहा मिनिटांनी लागतो, म्हणून ब्रेक ब्लॉक आणि चाके लवकर झिजतात. एक इंजिन साऱ्या डब्यांना ओढून वेग घेते न घेते तोच पुढचे स्थानक येते. शेवटच्या स्थानकावर इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावावे लागते. मेमू गाडीत दोन्ही टोकांना चालकाची खोली आणि दर काही डब्यांमागे मोटारचा डबा असल्याने हा सारा वेळ वाचतो. ही गाडी देशात कित्येक वर्षे बनते आहे. काही परकीय गुपित नव्हे. शिवाय आपला भाग कोळशाचा. मालगाडी रेल्वेला उत्पन्न देते, म्हणून तिला वाट मोकळी आणि पॅसेंजर आडबाजूच्या रुळावर उभी. उशीर झाला की दोष मात्र जुन्या गाडीच्या माथी.

मग जुना डबा बदलून घेता येत नाही का? रेल्वेचे अधिकारी सांगतील की अवघड आहे, खर्चिक आहे. याला उत्तर रेल्वेच्याच दोन कामगिऱ्यांत आहे. वीस-पंचवीस वर्षांचे झालेले प्रवासी डबे रेल्वे मोटारगाड्या वाहून नेण्यासाठी बदलते. आतले बाक काढतात, खिडक्या आणि बाजूची दारे बंद करतात, आणि मोटारी आत नेता याव्यात म्हणून डब्याच्या टोकाला रुंद दारे बसवितात. म्हणजे मोटारीसाठी जुन्या डब्याला रुंद दार होऊ शकते. ते माणसासाठी होत नाही.

दुसरी कामगिरी महासाथीतली, आणि ती गौरवाचीच आहे. २०२० मध्ये रेल्वे कामगारांनी पाच हजारांहून अधिक जुन्या डब्यांचे विलगीकरण कक्ष केले. मधले बर्थ काढले, शौचालयाचे स्नानगृह केले, प्राणवायूच्या नळकांड्यांची सोय केली. २०२१ च्या उन्हाळ्यात असे डबे आपल्या अजनीच्या कंटेनर डेपोतही उभे होते. हे काम काही आठवड्यांत झाले. कार्यशाळा त्याच, हात तेच. इच्छा झाली तर जुना डबा नव्या कामाला लायक करता येतो, हे त्या हातांनी दाखवून दिले आहे.

आता भाड्याविषयी. २०२० च्या मार्चमध्ये सर्व प्रवासी गाड्या थांबल्या. ते योग्यच होते. परंतु गाड्या परत सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजरचे नाव 'विशेष एक्स्प्रेस' झाले आणि किमान भाडे दहा रुपयांवरून तीस रुपये. डबा तोच, थांबे बव्हंशी तेच, वेगही तोच. बदलले ते केवळ नाव. ही तिप्पट आकारणी २०२४ च्या फेब्रुवारीत मागे घेण्यात आली. तोपर्यंत मजूर, विद्यार्थी, दवाखान्यात येणारा रुग्ण यांनी एक्स्प्रेसचे पैसे भरून पॅसेंजरचा प्रवास केला. महागड्या गाडीच्या तिकिटात असा प्रकार झाला असता तर किती ओरड झाली असती, याचा विचार करावा.

तिकिटावर एक वाक्य छापलेले असते, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वे आपल्याकडून घेते. ते वाचून पुष्कळ भल्या माणसांना ओशाळल्यासारखे होते. आपण सरकारचे मिंधे आहोत असे वाटते. ओशाळण्याचे कारण नाही. 'सरासरी' या शब्दात राजधानीपासून पॅसेंजरपर्यंत सारे एकत्र कोंबलेले आहेत. ज्या डब्याने आपल्या आयुष्याची पहिली पंधरा-वीस वर्षे दुसऱ्या गाडीत काढली, त्याचा खर्च आपल्या हिशेबात किती धरला, हे त्या वाक्यात नाही. बुटीबोरीच्या कारखान्यात वेळेवर पोहोचलेला कामगार जी संपत्ती निर्माण करतो, तीही त्यात नाही. तोटा दाखवावयाचा असेल तर मार्गवार, डब्याच्या वयासकट दाखवावा. मग आपण बोलू.

डबे गरजेप्रमाणे हलविता येतात हेही आपण नागपुरातच पाहिले. बिलासपूर-नागपूर वंदे भारत २०२२ च्या डिसेंबरात थाटाने सुरू झाली. सोळा डबे भरेनात म्हणून २०२३ मध्ये ती आठ डब्यांवर आणली गेली. रिकाम्या खुर्च्या मोजून काही महिन्यांत निर्णय घेतला जातो. तर मग दारात लोंबकळणारी माणसे मोजून निर्णय का घेतला जात नाही? महाराष्ट्राच्या भूमीवर लातूरला डब्यांचा कारखाना उभा राहिला. २०२३ च्या करारानुसार तेथे वंदे भारत शयनगाड्या बांधावयाच्या ठरल्या. त्याला आमचा विरोध नाही. मात्र त्याच कारखान्याच्या काही पाळ्या रोजच्या उतारूच्या गाडीसाठी राखून ठेवाव्यात, असे मागण्यात काही अवाजवी आहे काय?

याच संदर्भात ब्रॉडगेज मेट्रोचा उल्लेख केला पाहिजे. २०१८ च्या जुलैत रेल्वे, राज्य सरकार आणि महामेट्रो यांच्यात करार झाला. नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोड या मार्गांवर पॅसेंजरच्या जागी वातानुकूलित, वेगवान गाड्या चालविण्याची ती योजना. नव्या गाड्यांचे आपण स्वागतच करू. फक्त एक भीती बोलून दाखवितो. 'पॅसेंजरच्या जागी' या शब्दांचा अर्थ पॅसेंजरच्या भाड्यातही, असा स्पष्ट लिहून घेतला नाही, तर जुन्या डब्यातून निघालेला गरीब उतारू नव्या डब्यात पोहोचणारच नाही. तो फलाटावर राहील. इतवारी-नागभीडची नॅरोगेज २०१९ च्या नोव्हेंबरात थांबली. मार्ग रुंद करावयाचा असेल तर काम चालू असताना गाडी बंद राहणार, हे समजू शकते. परंतु त्या काळात उमरेड-भिवापूरच्या माणसाने परवडणाऱ्या भाड्यात कसे यावे, हा प्रश्न योजनेच्या कागदात सहसा नसतोच.

कामगार बंधूंना एक शब्द. जुन्या डब्याची सुरक्षितता कायद्याच्या पुस्तकात नसते, ती कॅरेज-वॅगन खात्यातील माणसाच्या हातात असते. तो पिट लाइनवर डब्याखाली उतरून बफर, जोडणी, स्प्रिंग, ब्रेक तपासतो. डबा जितका जुना तितकी ही तपासणी अधिक हवी. आणि नेमकी याच वेळी पदे रिकामी ठेवली जातात, कामे कंत्राटाने दिली जातात. १९७४ च्या मे महिन्यातील वीस दिवसांचा संप आपण विसरलेला नाही. त्या संपात बडतर्फ झालेल्यांना १९७७ नंतर परत घेतले गेले, ते समाजवाद्यांच्या आग्रहामुळे. उतारू आणि कामगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव नेहमीचा आहे. गाडीला उशीर झाला की उतारू स्टेशन मास्तरावर ओरडतो, आणि ज्यांनी डबा पाठविला ते दूरच्या कार्यालयात निवांत असतात. आजची सभा दोघांची मिळून आहे, याचे मला म्हणूनच विशेष समाधान वाटते.

आपल्या मागण्या साध्या आहेत. एक, प्रत्येक डब्यात आतल्या बाजूस, मराठीत, डबा बांधल्याचे वर्ष आणि शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची तारीख लिहावी. दोन, दूर पल्ल्याचा डबा पॅसेंजरला लावण्यापूर्वी कार्यशाळेत नेऊन त्याला धरावयाच्या कड्या, खालची पायरी, पुरेसा उजेड आणि वाहत्या पाण्याचे शौचालय द्यावे. जेथे शक्य तेथे रुंद दार करावे. तीन, पंचवीस वर्षांची ठरलेली मर्यादा रोजच्या उतारूच्या गाडीतही काटेकोर पाळावी. चार, भाडे डब्याच्या आणि गाडीच्या प्रत्यक्ष दर्जाप्रमाणे असावे. नाव बदलून वाढवू नये. पाच, नागपुरात मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य अशा दोन रेल्वेंचे दोन विभाग आहेत. दोन्हींच्या सल्लागार समित्यांत पासधारक आणि कामगार यांचे प्रतिनिधी असावेत, आणि डब्यांच्या वाटपाचा तक्ता त्यांच्यापुढे यावा.

यातील पहिल्या मागणीची सुरुवात उद्यापासून आपणच करू शकतो. प्रत्येकाने एक वही ठेवावी. आपल्या डब्याचा क्रमांक, दुरुस्तीची तारीख, तुटलेले दार, बंद पंखा, आलेला उशीर, एवढे रोज लिहावे. महिनाभरात या चार मार्गांवरील शेकडो डब्यांची नोंद आपल्या हाती येईल, आणि ती कोणत्याही कार्यालयाच्या टेबलावर ठेवता येईल. एकट्याची तक्रार टोपलीत जाते. हजार माणसांच्या वह्या तशा टाकता येत नाहीत.

रात्र होत आली आहे आणि आपल्याला परतीची गाडी गाठावयाची आहे. जाताना क्रमांक वाचावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.